चलन चुकीचे असेल तर? नंबरप्लेट, नोंदणी आणि तुमचे पैसे

मोबाइलवर मेसेज येतो: तुमच्या वाहनावर चलन झाले आहे. रक्कम कधी ५०० रुपये, कधी २,००० रुपये. कारण लिहिलेले असते सदोष नंबरप्लेट, नोंदणी नसलेले वाहन किंवा असेच काही. गाडी तर दिवसभर घरासमोर उभी होती. किंवा ती गाडी तुम्ही दोन वर्षांपूर्वीच विकलेली असते.

अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण "कशाला लचांड" म्हणून लगेच पैसे भरून टाकतात. काही जण "आपली चूकच नाही, मग भरायचे कशाला" म्हणून मेसेज पुसून टाकतात. दोन्हींत नुकसान तुमचेच आहे. पैसे भरले की आरोप मान्य झाला असे धरले जाते आणि परतावा मागणे फार अवघड होते. दुर्लक्ष केले तर प्रकरण न्यायालयात जाते. पुढे गाडी विकताना, कर्ज फेडल्यावर बोजा उतरवताना किंवा नोंदणीचे नूतनीकरण करताना तेच जुने चलन आडवे येते.

तिसरा मार्ग आहे: चलन तपासा, चुकीचे असेल तर मुदतीत आणि लेखी हरकत घ्या, सोबत पुरावा जोडा. हा पुरावा बहुतेक वेळा तुमच्याच घरात आणि तुमच्याच बँक खात्यात असतो.

आधी एक शंका दूर करू

शाखेत आम्हाला नेहमी विचारले जाते, "चलनाचे पैसे खात्यातून आपोआप कापले जातील का?" नाही. चलन ही शासनाची मागणी आहे. तुम्ही स्वतः भरल्याशिवाय बँक ती रक्कम वळती करत नाही. त्यामुळे "आज रात्रीपर्यंत भरा, नाहीतर खाते गोठेल" असा मेसेज आला तर तो फसवणुकीचा समजा. याबद्दल पुढे सविस्तर पाहू.

चलन कोणाच्या नावावर येते?

कॅमेरा माणूस ओळखत नाही, नंबरप्लेट ओळखतो. नंबरप्लेटवरून परिवहन विभागाच्या 'वाहन' या संगणकीय नोंदवहीतले नाव काढले जाते आणि त्या नावावर चलन जाते. गाडी कोण चालवत होते, ती कोणाच्या ताब्यात आहे, पैसे कोणी मोजले, हे त्या क्षणी कोणी पाहत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये नोंदणी ज्याच्या नावावर, तोच सर्वसाधारणपणे 'मालक' मानला जातो.

याची झळ किती मोठी बसू शकते ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या एका निकालात दिसते. एक मोटार मूळ मालकाने विकली. पुढे ती आणखी काही हातांतून गेली, पण नोंदणी मूळ मालकाच्याच नावावर राहिली. मग अपघात झाला. भरपाईची जबाबदारी नोंदणीवर नाव असलेल्या मूळ मालकावर येते, असे न्यायालयाने ठरवले. त्या मानाने दंडाचे पाचशे रुपये काहीच नाहीत. म्हणून चुकीच्या चलनाकडे इशारा म्हणून पाहा. आपली नोंद आणि प्रत्यक्ष परिस्थिती यांत कुठेतरी फरक पडला आहे, असे ते सांगत असते.

चलन आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काय पाहायचे?

मेसेजमधल्या लिंकवर जाऊ नका. 'ई-चलन परिवहन' हे केंद्राचे संकेतस्थळ स्वतः उघडा आणि चलन क्रमांक किंवा वाहन क्रमांक टाकून पाहा. महाराष्ट्र, तेलंगण अशा काही राज्यांची वेगळी ई-चलन संकेतस्थळे आहेत. चलन ज्या राज्याचे आहे, त्या राज्याचे संकेतस्थळही पाहा.

कॅमेऱ्याने केलेल्या चलनासाठी केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घातला. त्यानुसार गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस पाठवायची असते. चलनासोबत गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसणारे छायाचित्र, तारीख, वेळ, ठिकाण आणि कायद्याचे कोणते कलम मोडले याचा उल्लेख हवा. त्या यंत्राला मान्यता असल्याचे प्रमाणपत्र लागते आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे लागते.

म्हणून पुढील गोष्टी एका कागदावर उतरवून घ्या:

१. चलन क्रमांक, तारीख, वेळ आणि ठिकाण.
२. छायाचित्रातील गाडीचा प्रकार, कंपनी आणि रंग. तुमची गाडी पांढरी स्कूटर असेल आणि फोटोत काळी मोटारसायकल असेल, तर तक्रारीचे अर्धे काम तिथेच झाले.
३. छायाचित्रातील नंबर, एकेक अक्षर वेगळे वाचून. इंग्रजी 'बी' आणि ८, 'डी' आणि शून्य, 'एस' आणि ५, 'एम' आणि 'एन' यांत यंत्राची आणि माणसाचीही गल्लत होते.
४. लावलेले कलम आणि रक्कम.
५. भरण्याची किंवा हरकत घेण्याची मुदत. ही मुदत नोटिशीवरच पाहा, ऐकीव माहितीवर राहू नका.

छायाचित्राची प्रत मोबाइलवर जपून ठेवा. आता तुमचे प्रकरण पुढीलपैकी कोणत्या प्रकारात बसते ते ठरवा.

प्रकार पहिला: फोटोतली गाडी माझी नाहीच

याची दोन कारणे असू शकतात. एक, नंबर चुकीचा वाचला गेला. दोन, कोणीतरी तुमचा नंबर स्वतःच्या गाडीवर लावून फिरत आहे.

नंबर चुकीचा वाचला गेला असेल तर छायाचित्र आणि तुमचे नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आरसी, शेजारी ठेवले की फरक दिसतो. आरसीवर गाडीचा प्रकार, कंपनी आणि रंग लिहिलेला असतो. तुमच्या गाडीचे पुढून, मागून आणि बाजूने काढलेले स्पष्ट फोटो जोडा.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. समजा, तुमची मोटार इंदूरला घरासमोर उभी आहे आणि चलन हैदराबादचे आले. फोटोत नंबर तुमचाच, कंपनीही तीच, रंगही तोच. अशा वेळी नुसते "माझी गाडी तिथे नव्हती" म्हणून भागत नाही. गाडी दुसरीकडे होती हे दाखवावे लागते. इथे आर्थिक कागद उपयोगी पडतात:

• फास्टॅगचे विवरण. कोणत्या टोलनाक्यावर, कोणत्या तारखेला, किती वाजता गाडी गेली हे त्यात असते. ज्या बँकेचा फास्टॅग आहे तिच्या अॅपवर किंवा संकेतस्थळावर ते मिळते.
• पेट्रोल पंपावर कार्डाने किंवा यूपीआयने केलेला खर्च. खात्याच्या उताऱ्यात त्याची तारीख आणि पंपाचे नाव येते. यातून गाडी कुठे होती हे थेट सिद्ध होत नाही, पण इतर पुराव्याला जोड मिळते.
• त्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये असेल तर सर्व्हिसिंगचे बिल.
• सोसायटीच्या किंवा कार्यालयाच्या गेटवरची नोंद, पार्किंगची पावती, कॅमेऱ्याचे चित्रण. चित्रण काही दिवसांनी पुसले जाते, ते आधी मागून घ्या.

गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजे एचएसआरपी असेल तर आणखी एक खूण हाती असते. या अॅल्युमिनियमच्या पाटीवर अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक असतो. पुढच्या आणि मागच्या पाटीचे हे क्रमांक वेगवेगळे असतात आणि तुमच्या गाडीच्या नोंदीशी जोडलेले असतात. नंबर कोणीही रंगवून घेईल, पण हा कोरलेला क्रमांक जुळणार नाही. दोन्ही पाट्यांचे जवळून फोटो काढून ठेवा.

नंबरची नक्कल झाली असेल तर चलनाविरुद्ध हरकत घेण्याबरोबरच पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोचपावती घ्या. दुसऱ्या राज्यात गुन्हा घडला म्हणून तक्रार नाकारता येत नाही. दखलपात्र गुन्ह्याची 'झीरो एफआयआर' कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते आणि ती पुढे संबंधित ठाण्याकडे जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तशी तरतूद आहे. तक्रारीची एक प्रत परिवहन कार्यालयालाही द्या. इथे पाचशे रुपये भरून गप्प बसणे महागात पडू शकते. आज सिग्नल तोडणारी ती दुसरी गाडी उद्या अपघात करून पळाली, तर चौकशी तुमच्या दारात येईल. त्या वेळी तुमची आधीची तक्रार हाच तुमचा आधार असेल.

प्रकार दुसरा: गाडी माझी होती, आता नाही

गाडी विकली, पैसे मिळाले, किल्ली दिली आणि विक्रीच्या करारावर सही झाली. अनेकांच्या मते व्यवहार इथे संपतो. कायद्याच्या दृष्टीने तो नोंदणी बदलल्यावर संपतो. कलम ५० नुसार त्याच राज्यात विक्री झाली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत, दुसऱ्या राज्यात झाली असेल तर ४५ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यायचा असतो. विकणाऱ्याच्या सूचनेसाठी नमुना २९ आणि हस्तांतरणाच्या अर्जासाठी नमुना ३० आहे. दोन्हींच्या प्रती आणि अर्जाची पोचपावती कायम जपा.

चलन विक्रीनंतरच्या तारखेचे असेल तर हरकतीसोबत ही पोचपावती, विक्रीचा करार, गाडी ताब्यात दिल्याची पावती आणि रक्कम खात्यात जमा झाल्याचा उतारा जोडा. गाडीची किंमत रोखीने न घेता बँकेतून घ्या, असे आम्ही सांगतो त्याचे हेही एक कारण आहे. खात्यातली नोंद तारखेसह बोलते. नोंदणी अजून तुमच्याच नावावर दिसत असेल तर हस्तांतरणाचे काम त्याच दिवशी पुन्हा हाती घ्या. एक चलन रद्द झाले तरी मूळ नोंद तशीच राहिली तर पुढचे येईलच.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला गाडी देणार असाल तर तो अधिकृत आहे का ते पाहा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अधिकृत व्यापाऱ्याकडे गाडी सोपवल्याची सूचना नमुना २९ सी मध्ये देता येते. त्यानंतर ती पुढे विकली जाईपर्यंत तो व्यापारी मालक मानला जातो. नुसत्या कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊन गाडी सोडू नका.

आणखी तीन प्रसंग इथेच येतात:

गाडी चोरीला गेली असेल तर एफआयआरची प्रत हा मुख्य पुरावा. विमा कंपनीबरोबर परिवहन कार्यालयालाही लेखी कळवा.

गाडी मोडीत काढली असेल किंवा कायमची निकामी झाली असेल तर कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. भंगारवाल्याने नेलेल्या गाडीची नंबरप्लेट दुसऱ्या गाडीवर लागू शकते. नोंदणी जिवंत असेल तर जबाबदारीही जिवंत राहते.

गाडी दिवंगत व्यक्तीच्या नावावर असेल तर वारसाने ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांत आपल्या नावावर करण्याचा अर्ज नमुना ३१ मध्ये द्यायचा असतो. वडिलांची स्कूटर मुलगा वर्षानुवर्षे त्यांच्याच नावावर चालवतो, हे घरोघरी दिसते. चलन आले, अपघात झाला किंवा विम्याचा दावा करायची वेळ आली की अडचण सुरू होते. बँक खात्यासारखेच २०२१ पासून वाहनाच्या नोंदणीतही वारसदाराचे नाव नामनिर्देशित करता येते. ते करून घ्या.

प्रकार तिसरा: गाडी माझीच, पण आरोप चुकीचा

सदोष नंबरप्लेट असा आरोप असेल तर आधी नियम काय म्हणतो ते पाहू. नोंदणी क्रमांक इंग्रजी अक्षरांत आणि आंतरराष्ट्रीय अंकांत हवा. खासगी गाडीला पांढऱ्यावर काळा, भाड्याच्या गाडीला पिवळ्यावर काळा, खासगी विजेच्या गाडीला हिरव्यावर पांढरा. मोटारीवर अक्षरे आणि अंक ६५ मिलिमीटर उंच, १० मिलिमीटर जाड आणि मधले अंतर १० मिलिमीटर असावे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एचएसआरपी विक्रेत्याकडूनच लावून मिळते. त्याआधीच्या गाड्यांसाठी राज्यांनी वेगवेगळ्या मुदती दिल्या आणि त्या वाढवल्याही. तुमच्या राज्याची चलनाच्या तारखेला मुदत संपली होती का, हे परिवहन विभागाच्या अधिसूचनेत पाहा. पाटीसाठी नोंदणी केली असेल तर पैसे भरल्याची पावती आणि पाटी बसवण्याची मिळालेली तारीख जोडा. पाटी चिखलाने माखलेली होती की मुद्दाम झाकलेली, हेही छायाचित्रावरून दिसते.

नोंदणी नसलेले वाहन असा आरोप असेल तर कलम १९२ लागते. पहिल्या गुन्ह्यासाठी दंड २,००० ते ५,००० रुपये आहे, म्हणून इथे दुर्लक्ष परवडत नाही. आरसीवरची 'वैध' तारीख पाहा. खासगी गाडीची नोंदणी साधारण १५ वर्षांची असते. त्यानंतर नूतनीकरण केले नसेल तर गाडी नोंदणी नसल्यासारखी धरली जाते. तारीख शिल्लक असेल तर आरसीची प्रत पुरेशी आहे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अॅपवरील आरसी मूळ कागदाइतकीच ग्राह्य असते.

परराज्यातील नंबर हा नोकरीसाठी स्थलांतर करणाऱ्यांचा कायमचा प्रश्न. पुण्याहून बेंगळुरूला, नागपूरहून रायपूरला, बेळगावहून पणजीला गेलेल्यांना रस्त्यात अडवले जाते. कायदा स्पष्ट आहे. कलम ४६ नुसार एका राज्यातील नोंदणी भारतभर चालते. कलम ४७ नुसार गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. म्हणजे मुद्दा नंबर कोणता हा नसून गाडी तिथे किती काळ आहे हा आहे. तुम्ही केव्हा आलात हे बदलीचा आदेश, भाडेकरार, सामान हलवल्याचे बिल आणि पुन्हा फास्टॅगचे विवरण यांतून दाखवता येते. वर्ष उलटून गेले असेल तर मात्र वाद घालण्याऐवजी ना-हरकत दाखला आणून नोंदणी बदला. गाडीवर कर्ज असेल तर त्यासाठी कर्ज देणाऱ्या बँकेची संमती लागते. वारंवार बदली होणारे शासकीय कर्मचारी, सैनिक आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी 'बीएच' मालिकेचा क्रमांक घेऊ शकतात. ही मालिका सप्टेंबर २०२१ पासून सुरू आहे.

गाडी दुसरे कोणी चालवत असेल तर चालकाचे नाव, पत्ता आणि परवान्याची माहिती देणे हे कलम १३३ प्रमाणे मालकाचे कर्तव्य आहे. ती माहिती लेखी द्या.

प्रकार चौथा: गाडी माझी आणि चूकही माझी

अंक वळवून 'दादा' किंवा 'बॉस' वाचता येईल अशी नक्षीदार पाटी लावली असेल तर लढण्यात अर्थ नाही. कलम १७७ चा सर्वसाधारण दंड पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा केल्यास १,५०० रुपयांपर्यंत जातो. कलम २०० नुसार तडजोडीच्या रकमा राज्ये ठरवतात, म्हणून एकाच चुकीची रक्कम दोन राज्यांत वेगळी असू शकते. दंड भरा, पावती ठेवा आणि पाटी त्याच आठवड्यात बदला. पाटी तशीच राहिली तर पुढच्या चौकात दुसरे चलन होईल.

हरकत कुठे आणि कशी नोंदवायची?

पहिली पायरी: ज्या पोलीस किंवा परिवहन विभागाने चलन केले त्यांच्याकडे. ई-चलन संकेतस्थळावर तक्रारीचा पर्याय असतो. तिथे चलन क्रमांक, तुमचे म्हणणे आणि पुराव्याची चित्रे टाका. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तक्रार चलन करणाऱ्या राज्याकडे जाते. तुमच्या शहरातील वाहतूक पोलीस परराज्याचे चलन रद्द करू शकत नाहीत.

दुसरी पायरी: आभासी न्यायालय. चलन तिथे पाठवले गेले असेल तर संकेतस्थळावर ते दिसते. दंड भरणे आणि खटला लढवणे, असे दोन पर्याय समोर येतात. दंड भरला की प्रकरण तिथेच बंद. लढवण्याचा पर्याय निवडला की ते नेहमीच्या न्यायालयाकडे जाते आणि तिथे तुमचे म्हणणे मांडता येते. बटण दाबण्यापूर्वी हा फरक लक्षात घ्या.

लोकअदालतीबद्दल अनेक जण विचारतात. तडजोडयोग्य चलने तिथे मिटवता येतात आणि रक्कम कमी होण्याचीही शक्यता असते. पण ती जागा समझोत्याची आहे. "माझी गाडी तिथे नव्हतीच" असे तुमचे म्हणणे असेल तर पुरावे तपासून निकाल देणे हे लोकअदालतीचे काम नाही आणि तिथल्या निवाड्यावर अपीलही होत नाही. म्हणून लोकअदालत चौथ्या प्रकारासाठी बरी, पहिल्यासाठी नाही.

न्यायालयात जायची वेळ आली तर महिला, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक, दिव्यांग आणि कमी उत्पन्न असलेले यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. मदतवाहिनी १५१०० आहे.

तक्रारीचा मजकूर कसा असावा?

छोटा, मुद्द्याचा आणि सौम्य. रागाने लिहिलेली दोन पाने कोणी वाचत नाही. नमुना असा:

"महोदय, माझ्या नावावर नोंदणी असलेल्या वाहन क्रमांक (...) वर दिनांक (...) रोजी (...) वाजता (...) येथील चलन क्रमांक (...) झाले आहे. छायाचित्रातील वाहन माझे नाही. माझे वाहन पांढऱ्या रंगाची स्कूटर असून छायाचित्रात काळी मोटारसायकल आहे. त्या वेळी माझे वाहन (...) येथे होते. सोबत आरसीची प्रत, वाहनाची छायाचित्रे आणि (...) जोडले आहे. कृपया तपासणी करून चलन रद्द करावे आणि निर्णय लेखी कळवावा."

बँकेचा उतारा जोडताना संबंधित ओळच दिसेल असे करा. खाते क्रमांकाचे मधले अंक आणि शिल्लक झाकून टाका. कार्ड क्रमांक, पिन, ओटीपी कोणत्याही तक्रारीत लागत नाही.

चलनाच्या नावाने होणारी फसवणूक

खऱ्या चलनाची भीती वापरून खोटी चलने पाठवली जातात. व्हॉट्सअॅपवर 'चलन' नावाची एपीके फाइल येते. ती उघडली की फोनमध्ये अॅप बसते, मेसेज वाचू लागते आणि ओटीपी थेट चोराकडे जातो. काही वेळा लिंक हुबेहूब सरकारी पानासारखे पान उघडते.

ओळखायचे कसे? सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट इन' असा संपतो. मधेच कुठेतरी 'परिवहन' शब्द असला म्हणून पान सरकारी होत नाही. खऱ्या चलनासाठी अॅपची फाइल पाठवली जात नाही. कोणाच्या वैयक्तिक यूपीआय क्रमांकावर दंड भरला जात नाही.

पैसे गेलेच तर वेळ घालवू नका. लगेच बँकेला कळवून कार्ड, यूपीआय आणि नेटबँकिंग बंद करा, १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे कळवण्यातला प्रत्येक तास पैशांत मोजावा लागतो.

फास्टॅगमधून न केलेल्या प्रवासाचा टोल कापला गेला तर तो चलनाचा विषय नाही. त्यासाठी फास्टॅग देणाऱ्या बँकेकडे तक्रार करा. राष्ट्रीय महामार्गांची मदतवाहिनी १०३३ आहे. मात्र असा टोल हा तुमच्या नंबरची नक्कल झाल्याचा पहिला पुरावाही असू शकतो, म्हणून फास्टॅगचे विवरण दर महिन्याला पाहत चला. गाडी विकताना फास्टॅग बंद करायला विसरू नका.

आजच करून ठेवण्यासारखी कामे

• 'वाहन' नोंदीत तुमचा सध्याचा मोबाइल क्रमांक आणि पत्ता आहे का ते तपासा. बंद पडलेल्या क्रमांकावर आलेले चलन तुम्हाला कधी कळणारच नाही.
• दर तीन महिन्यांनी आपल्या गाडीवर चलन आहे का ते स्वतः पाहा.
• आरसी, विमा, नंबरप्लेटची पावती आणि गाडीचे फोटो एका जागी ठेवा.
• वाहनकर्ज फिटल्यावर बँकेकडून ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. हप्ते संपले म्हणजे तो आपोआप उतरत नाही.
• जुनी गाडी घेताना पैसे देण्याआधी तिच्यावरील थकीत चलने पाहा आणि ती विकणाऱ्याकडून भरून घ्या.
• विकलेली, चोरीला गेलेली, मोडीत काढलेली किंवा दिवंगत व्यक्तीच्या नावावरील गाडी घरात कोणाची आहे का, हे विचारा. असेल तर तिची नोंद आधी मार्गी लावा.

पासबुकात चुकीची नोंद दिसली तर तुम्ही शाखेत येऊन विचारता आणि ती दुरुस्त करून घेता. वाहनाची नोंद आणि तिच्यावरचे चलन यांनाही तीच नजर लावा. चूक आपली असेल तर भरावे, नसेल तर कागद घेऊन मुदतीत सांगावे.